शिडी कुणाची?

मिलिग्रॅमकडे बोलीच्या सुरुवातीच्या किमती ठरवायचं काम आलं, ते त्याला त्यातलं काही कळत होतं म्हणून नव्हे. सभेत तो एकटाच गप्प बसला होता, म्हणून.

सभा बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भरली होती आणि विषय लिफ्टचा होता. लिफ्टची मोटर जळून बरेच दिवस झाले होते. दुरुस्तीचे निम्मे पैसे सोसायटीकडे होते आणि उरलेले निम्मे कुणाकडेच नव्हते. वर्गणीचं नाव काढलं की माणसं घड्याळाकडे बघत. मग सेक्रेटरींनी कुठूनशी एक कल्पना आणली: ऑनलाइन लिलाव. प्रत्येक घरानं एक वस्तू द्यायची, तिचा फोटो वेबसाइटवर चढवायचा, आपल्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी बोली लावायची आणि जमतील ते पैसे लिफ्टला. कल्पना सगळ्यांना पसंत पडली, कारण वर्गणी खिशातून जाते आणि वस्तू माळ्यावरून.

"पण बोली सुरू कितीपासून करायची?" विमावाल्या काकांनी विचारलं.

"ते कुणीतरी शास्त्रशुद्ध ठरवायला हवं," सेक्रेटरी म्हणाले आणि सगळ्या माना मिलिग्रॅमकडे वळल्या.

मिलिग्रॅम दुकानांतले वजनकाटे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होता. काटा खरं बोलतो की खोटं, हे सांगायचं आणि शिक्का मारायचा. हे काम त्यानं निवडलं की कामानं त्याला, हे सांगणं कठीण. चहात साखर बरोबर झालीय का, असं आईनं विचारलं तर तो "कशाच्या तुलनेत?" असं विचारायचा. बिल्डिंगनं त्याचं बारसं नव्यानं केलं, ते उगाच नाही.

"मला वजन कळतं हो, किंमत नाही," तो म्हणाला.

"एकच ते," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

एवढ्यात वरून शिट्टी ऐकू आली. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून आत्या खाली बघत होती. "घे रे काम! मान कसली घालतोस खाली?"

या आत्यासाठीच खरं तर ही सगळी खटपट चालली होती, म्हणून तिच्याबद्दल आधी सांगायला हवं. आत्या म्हणजे मिलिग्रॅमच्या वडिलांची थोरली बहीण. जन्मभर शाळेत कवायत शिकवली. शाळेनं तिला निवृत्त केलं, शिट्टीनं केलं नाही. दोन्ही गुडघे मात्र आधीच निवृत्त झाले होते. लिफ्ट चालू होती तोवर ती रोज संध्याकाळी खाली जायची, अंगणातल्या बाकावर बसायची आणि पोरांच्या खेळात पंच व्हायची. लिफ्ट बंद पडल्यापासून तिची पंचगिरी चौथ्या मजल्यावरून चालायची. तिथून अंगणाची भिंतीकडची बाजू दिसत नसे, त्यामुळे पोरं झाडून सगळे घोटाळे भिंतीजवळच करत.

खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली न्यावं, असं एकदा ठरलं होतं. आत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चौघांनी मला उचलून न्यायची वेळ येईल, तेव्हा मला विचारायची गरज पडणार नाही तुम्हाला. तोवर विचारताय, तर नको म्हणते." त्यानंतर कुणी विषय काढला नाही.

आता मिलिग्रॅमच्या ताईनं फोनवर सांगितलं होतं की, माझं घर तळमजल्यावर आहे, रविवारी येते आणि आत्याला कायमची घेऊन जाते. आत्या "बघू" म्हणाली. "नाही" म्हणाली नाही. आणि तिच्या पलंगापाशी एक चाकांची बॅग उघडी होऊन बसली. रोज तिच्यात दोन कपडे वाढत. मिलिग्रॅम त्या बॅगेवरून पलीकडे जाताना तिच्याकडे बघायचं टाळायचा. वजनाचा अंदाज त्याला न बघताही येत होता.

लिलाव शनिवारी होता.

मिलिग्रॅमनं काम हातात घेतलं ते प्रयोगशाळेतल्यासारखंच. वस्तूची नवी किंमत, वापर, झीज आणि उरलेलं आयुष्य यांचं एक सूत्र त्यानं मांडलं. मग वस्तू बघायला तो घरोघर निघाला. सल्ले मात्र वस्तूंच्या आधी हजर झाले.

"किंमत चढी लाव," विमावाले काका म्हणाले. "स्वस्त वस्तूकडे माणूस ढुंकून बघत नाही."

"किंमत पडती ठेव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकदा माणूस खुर्चीत बसला की मग सांगायचं, आणखी दोन दातही करायचे आहेत म्हणून."

"मधलीच ठेव," आई म्हणाली. "म्हणजे कुणी नावं ठेवणार नाही."

सेक्रेटरींनी आपली वस्तू दाखवलीच नाही. ते ड्रिल मशीन देणार होते आणि त्यांनी बंद खोक्याचा फोटो पाठवला. पदाचा मान म्हणून एवढी सूट त्यांनी स्वतःला दिली होती.

किमती बिल्डिंगच्या ग्रुपवर गेल्या आणि संध्याकाळपर्यंत मिलिग्रॅमच्या घराची बेल थांबली नाही.

पहिले आले विमावाले काका. त्यांनी लाकडी घडीची शिडी दिली होती. "साठ रुपये?" दारातच त्यांचा आवाज चढला. "अरे, दहा पायऱ्या आहेत तिला! पायरीमागे सहा रुपये पडले!"

"काका, तिसरी पायरी हलते. सूत्रात हलणाऱ्या पायरीला—"

"माणसं मोजतो मी, माणसं! एकेकाच्या आयुष्याची रक्कम ठरवतो. पण कुणाला तोंडावर साठ रुपये म्हटलेलं नाही अजून."

त्यांच्या पाठोपाठ डॉक्टरीणबाई. त्यांचा टेबलफॅन. मिलिग्रॅमनं किमतीशेजारी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'आवाज करतो. मान फिरते, पण डावीकडे अडखळते. अंदाजे दोन वर्षं आयुष्य शिल्लक.'

"आम्ही डॉक्टर आहोत तरी पेशंटला असं सरळ सांगत नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या तीन दाढा मी भरल्यात, विसरू नकोस. त्यांचं आयुष्य सांगू का?"

मिलिग्रॅम आपोआप गालावर हात ठेवून उभा राहिला. त्याला काही केल्या कळेना. काटा खोटा निघाला म्हणून आजवर कुणी दुकानदारानं असा अपमान वाटून घेतला नव्हता, आणि इथे तर वस्तू लोक स्वतःच टाकून द्यायला निघाले होते. टाकाऊ म्हणून दिलेली वस्तू टाकाऊ आहे असं दुसऱ्यानं म्हणताच ती घराण्याची अब्रू कशी काय होते? हे कुठल्याही सूत्रात बसत नव्हतं. त्यानं सूत्रात 'मान' नावाचा एक नवा गुणक घालून पाहिला, पण त्याचं मूल्य ठरवता ठरवता तो थकला.

खरी ठिणगी पडली ती वेबसाइटमुळे. सुरुवातीची किंमत पक्की करण्याआधी वेबसाइट दोन गोष्टी विचारायची: वस्तूचा मालक कोण, आणि त्यानं ती कोणत्या वर्षी घेतली. मालकाचा रकाना ज्यानं त्यानं बेधडक भरून टाकला होता. वर्ष मात्र कुणालाच आठवत नव्हतं. मिलिग्रॅमनं स्वतःच्या घरापासून सुरुवात केली. आईनं लिलावाला एक भलंमोठं पातेलं दिलं होतं, ज्यात आख्ख्या बिल्डिंगचा चहा होईल असं.

"आई, हे पातेलं कधी घेतलं?"

"घेतलं कसलं? होतंच ते."

"असं नुसतं होत नाही, आई. कुठूनतरी येतं."

"ताईच्या लग्नाच्या वेळी आणलं होतं."

"आणलं, की विकत घेतलं?"

"म्हणजे? तू माझी उलटतपासणी घेतोयस?" आई म्हणाली खरी, पण तिच्या हातातलं फडकं थांबलं.

मिलिग्रॅमनं पातेल्यावरचं झाकण उचललं, परत ठेवलं. ते एका बाजूनं आत जात होतं. त्यानं पट्टी आणली. झाकण आणि पातेलं यांच्यात बोटभर फरक निघाला. एकमेकांसाठी ते जन्माला आलेच नव्हते.

"झाकण आपलं आहे," आई हळूच म्हणाली.

"आणि पातेलं?"

"पातेलं... विमाकाकूंचं असेल." मग लगेच, "अरे, पण त्यांनी कधी मागितलंच नाही! आणि त्यांना लागलं तेव्हा त्या आपल्याकडूनच घेऊन जायच्या की."

इथे दुसरा कुणीही माणूस पातेलं गुपचूप विमावाल्यांच्या दारात ठेवून आला असता, किंवा खरं सांगायचं तर झाकण मारून विषय संपवला असता. मिलिग्रॅमनं ग्रुपवर लिहिलं: 'दुरुस्ती. आमच्या घरातून आलेलं पातेलं आमचं नसून विमाकाकूंचं असण्याची शक्यता फार मोठी आहे. चुकीबद्दल क्षमस्व. इतरांनीही आपापल्या वस्तू तपासून घ्याव्यात, ही विनंती.'

हे वाचून आईनं त्याच्याशी बोलणं बंद केलं. जेवायला वाढलं, पण ताट जरा जोरात ठेवलं.

बाकीच्या बिल्डिंगनं विनंतीला मान देऊन फोटो नव्यानं पाहिले. नको त्या बारकाईनं पाहिले.

सगळ्यात आधी डॉक्टरीणबाईंना शिडीच्या पायावर पुदिन्यासारखा हिरवा डाग दिसला. त्यांच्या दवाखान्याच्या भिंतींचा रंग तोच. म्हणजे भिंती रंगवल्या तेव्हा ही शिडी त्यांच्याकडे होती, नव्हे, ती त्यांचीच होती आणि बल्ब बदलायला म्हणून विमावाल्या काकांनी नेली होती! "बल्ब बदलायला सात वर्षं लागतात का?" त्यांनी ग्रुपवर विचारलं. त्यावर सेक्रेटरींनी टेबलफॅनकडे बोट दाखवलं. फॅनच्या बटणाच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच बसवलेलं होतं, आणि ते बूच त्यांनी स्वतःच्या हातानं बसवलं होतं, खोकल्याचं औषध संपल्यावर. तेव्हा, "सेक्रेटरीसाहेब, तुमचंही खोकं उघडा," अशी मागणी आली. खोकं उघडलं. आत ड्रिल होतं आणि ड्रिलची पाती एका डबीत होती. प्रत्येक पात्याला बारीक अक्षरात चिठ्ठी बांधलेली: '५ मिलिमीटर (प्रत्यक्षात ४.९)'.

हे अक्षर कुणाचं, ते कुणी विचारलं नाही. जगात अशी चिठ्ठी लिहिणारा एकच माणूस होता.

म्हणजे काय झालं होतं, तर शिडी विमावाल्यांनी दिली आणि ती निघाली डॉक्टरीणबाईंची. डॉक्टरीणबाईंनी दिलेला फॅन निघाला सेक्रेटरींचा. सेक्रेटरींचं ड्रिल मिलिग्रॅमच्या घरचं, आणि मिलिग्रॅमच्या घरचं पातेलं विमावाल्यांचं. सगळं गोल फिरून परत पहिल्या दारात आलं होतं. इतका नीट मिटलेला गोल मिलिग्रॅमनं फक्त पुस्तकात पाहिला होता. क्षणभर त्याला त्याचं कौतुकही वाटलं. क्षणभरच.

कारण शुक्रवारी माणसं जिन्यात एकमेकांना वाट द्यायची थांबली. विमाकाकूंनी आईला पाहून हाक मारली नाही आणि आईनं त्यांना पाहून न मारलेली हाक ऐकली. 'चोर' हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण बोलताना त्याच्यासाठी जागा सोडली जात होती. आणि एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं: दोष मिलिग्रॅमचा. इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं, यानं मोजायला घेतलं आणि बिघडलं.

मिलिग्रॅम दुखावला. जो काटा खरं वजन दाखवतो, त्यालाच लोक लाथ मारतात, असं काहीतरी तो स्वतःशी बोलला आणि कॉम्प्युटरपुढे बसला. मालक ठरत नाही तोवर किंमत ठरत नाही, आणि न ठरलेली किंमत म्हणजे शून्य. त्यानं सगळ्या वस्तूंसमोर शून्य टाकलं. वेबसाइटला शून्य चालेना. मग त्यानं प्रत्येकासमोर एक रुपया टाकला आणि कॉम्प्युटर बंद केला.

शनिवारी दुपारी अंगणात तातडीची सभा बसली. ठराव एकच: लिलाव रद्द. लिफ्टचं काय, असं कुणी विचारलं नाही. आत्या बाल्कनीत उभी होती, तिनंही विचारलं नाही. आत जाऊन तिनं बॅगेत आणखी काहीतरी ठेवलं असावं, कारण बॅग आपटल्याचा आवाज खाली आला.

सेक्रेटरींनी फोनवर 'रद्द करा' दाबलं. वेबसाइट म्हणाली, नोंदणी केलेल्या नंबरवर आकडे पाठवले आहेत, ते भरा. सोसायटीच्या नावे नोंदलेला नंबर अजून जुन्या सेक्रेटरींचाच निघाला. ते मुलाकडे राहायला गेले होते, दुपारी झोपत आणि झोपताना फोन कपाटात, लोकरी कपड्यांच्या खाली ठेवत. फोन लावला. लोकरी कपड्यांखाली तो वाजला असेल, तर त्यांनाच माहीत.

"उठतील ना पाचच्या आत?"

"चहाला उठतात. सहाला."

पाच वाजता लिलाव आपला आपण सुरू झाला.

आणि पहिल्याच मिनिटाला शेजारच्या बिल्डिंगच्या चेअरमननं शिडीवर दोन रुपये लावले. मग फॅनवर दोन. ड्रिलवर दोन. पातेल्यावर दोन.

या चेअरमनच्या बिल्डिंगला दोन लिफ्ट होत्या. ही गोष्ट तो हवापाण्याच्या गप्पांतही आणत असे. "आज उकडतंय नाही? आमच्या एका लिफ्टमध्ये पंखा बसवलाय, दुसरीत अजून बसवायचाय." असा माणूस.

"दोन रुपये?" डॉक्टरीणबाई फोनकडे बघत म्हणाल्या. "माझ्या शिडीला?"

"तुमच्या कसल्या? आमच्या घरात सात वर्षं—"

"ते भांडण मागाहून! आधी तो घेऊन चाललाय बघा!"

"तुम्ही लावा मग बोली!"

"मी का लावू? माझी शिडी मीच विकत घेऊ?"

"माझा फॅन!"

"आमचं पातेलं!"

अंगणात असा कालवा झाला की खेळणारी पोरं खेळ थांबवून मोठ्यांचा खेळ बघायला बसली. आणि त्या कालव्यावर वरून शिट्टी वाजली. लांब, एका दमाची. कवायतीच्या मैदानावर हजार पोरांना जागच्या जागी थांबवणारी. सगळे थांबले. विमावाल्या काकांचा तर हातही वरच्या वर राहिला.

आत्याच्या एका हातात फोन होता. चौथ्या मजल्यावर अडकलेल्या माणसाला वेळ भरपूर असतो, आणि पंच कुठल्याही खेळात आधी नियम वाचतो. वेबसाइटचे नियम आख्ख्या बिल्डिंगमध्ये फक्त तिनंच वाचले होते.

"ऐका!" ती म्हणाली. "वस्तूच्या मालकाला आणि त्याच्या घरातल्या माणसांना त्या वस्तूवर बोली लावता येणार नाही. नियम आहे. आता मला एकेकानं नीट सांगा. शिडी कुणाची?"

सगळ्यांनी पुन्हा फोनमध्ये माना घातल्या.

डॉक्टरीणबाईंनी शिडीच्या फोटोकडे पाहिलं. शेजारच्या बिल्डिंगकडे पाहिलं. मग घसा साफ केला. "माझी नाही."

"अहो, पण तो हिरवा डाग?" मिलिग्रॅमच्या तोंडून निघून गेलं.

"हिरवा रंग जगात काय मी एकटीच लावते?" त्या कडाडल्या. "शिडी विमावाल्यांची आहे. आधीपासून त्यांचीच."

"नाही नाही, डॉक्टर, तुमचीच हो," विमावाले काका म्हणाले. बोली लावायला त्यांचाही अंगठा शिवशिवत होता.

"फाउल!" वरून आवाज आला. "फॉर्म कुणी भरलाय? विमावाल्यांनी. मालक ते. डॉक्टर, बोली लावा. पुढचा! फॅन?"

"फॅन माझा नव्हेच," सेक्रेटरी घाईघाईनं म्हणाले. "बूच तर कुणीही बसवतं."

"पातेलं?"

विमाकाकू पुढे आल्या. कालपासून आईशी न बोललेल्या काकू. त्यांनी आईकडे बघितलं आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "पातेलं वहिनींचं आहे. त्यांच्याच घरात असतं ते कायम. आम्हाला लागलं तर आम्ही त्यांच्याकडून आणतो."

आईचे डोळे भरून आले, ते तिनं फडक्यानं पुसले, जे ती का कोण जाणे हातातच घेऊन आली होती. "आणि ड्रिल सेक्रेटरीसाहेबांचं," ती म्हणाली. "आमच्याकडे कुठलं आलंय ड्रिल!"

मिलिग्रॅमनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं हस्ताक्षर नाकारलं. म्हणजे तो काही बोलला नाही, एवढंच. त्याच्यासाठी तेही खूप होतं.

म्हणजे दोन दिवस ज्या फॉर्मवरून रणकंदन माजलं होतं, तो पहिल्यापासून बरोबर होता. फक्त तो खरा नव्हता.

मग बोली सुरू झाली. तिला लिलाव म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणणं. डॉक्टरीणबाईंनी शिडीवर शंभर लावले. चेअरमननं दीडशे. सेक्रेटरींनी दोनशे.

"अहो, तुम्ही कशाला मध्ये?" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"शिडी सगळ्यांनाच लागते!"

"मग मी घेतली तर काय तुम्हाला देणार नाही का?"

"दिली असतीत, पण आता रंगात आलोय मी!"

आईनं आणि विमाकाकूंनी काकूंच्याच फोनवर डोकं घालून ड्रिल आणि पातेल्याच्या बोली वाटून घेतल्या. ड्रिलवर बोली विमाकाकूंनी लावायची ती आईच्या सांगण्यावरून, आणि दर वेळी आई कानात म्हणायची, "वाढवा, वाढवा, पाती बरोबर आहेत त्याची." वरच्या मजल्यांवरची, आजवर कधी सभेला न आलेली माणसं खिडक्यांतून आकडे ओरडू लागली. शिडीची किंमत नव्या शिडीच्या पुढे गेली. मिलिग्रॅमला राहवेना. तो उभा राहून म्हणाला, "एक मिनिट. एवढ्यात बाजारात नवीन दोन—"

वरून शिट्टी. "फाउल! खेळाडूंशी बोलायचं नाही!"

तो खाली बसला. कधी नव्हे ते त्याला मोजावंसं वाटेना. साठ रुपयांची शिडी, बुचाचा फॅन, दुसऱ्याचं झाकण घेऊन जगलेलं पातेलं. आणि ही माणसं त्यांच्यासाठी जीव टाकत होती. किंमत कळत नव्हती ती त्यांना नाही, आपल्याला, असं काहीसं त्याच्या मनात आलं आणि त्याला आपल्या बिल्डिंगचा जरा अभिमान वाटला. जरा म्हणजे पुष्कळच. कशाच्या तुलनेत, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

बोली थंडावली तेव्हा सेक्रेटरींनी बेरीज केली. चेहरा पडला. एवढं होऊनही लिफ्टला अजून बऱ्यापैकी कमी पडत होते.

वर बाल्कनीत आत्या दिसत नव्हती. मग ती परत आली आणि कठड्यावरून काहीतरी मोठं पुढे सरकलं.

"सांभाळा!"

भाजीच्या टोपलीच्या दोरीला बांधलेली ती चाकांची बॅग होती. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला आपटत, दुसऱ्याच्या कुंड्यांना नमस्कार करत ती हलतडुलत खाली आली. मिलिग्रॅमनं ती दोन्ही हातांत धरली. तिचं वजन त्याला लगेच कळलं. ती रिकामी होती.

"माझी आहे," आत्या वरून म्हणाली. "खरोखर माझी. दुकानातून घेतलेली. लाव किंमत."

मिलिग्रॅमनं बॅग उलटीपालटी करून पाहिली. एक चाक झिजलेलं, चेन नवी, कापड चांगलं. सूत्र त्याला तोंडपाठ होतं. त्यानं वेबसाइटवर बॅगेचा फोटो चढवला आणि किमतीच्या रकान्यात आकडा टाकला.

"किती लावलेस?"

"एक रुपया."

"माझी बॅग एक रुपयाची?"

"सुरुवात एका रुपयानं होते, आत्या," तो म्हणाला. "पुढचं माझ्या हातात नाही."

पुढे जे झालं, त्यात अर्धं अंगण आकडे ओरडत होतं आणि अर्धं अंगण वर बघत होतं. बॅग विकत घेणाऱ्याला बॅग नको होती, हे सगळ्यांना कळत होतं. फक्त ती आत्याच्या पलंगापाशी परत जायला नको होती. विमावाले काका तर दोनदा स्वतःच्याच बोलीवर बोली लावून बसले. आणि पलीकडून चेअरमन एकेक पायरी चढवत होता, चढवत होता. शेवटी एका भल्यामोठ्या आकड्यावर बिल्डिंगनं मिळून, सेक्रेटरींच्या नावानं बोली लावली तेव्हा तो थांबला. वेळ संपली. लिफ्टचे पैसे जमले, वर गेटच्या नव्या कुलपाचेही उरले.

चेअरमन अशी बोली का चढवत गेला, हे पुढे एकदा त्यानंच सांगितलं. "कवायतीत माझा डावा पाय नेहमी चुकायचा. बाईंनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या मला. त्या इथून गेल्या तर ते आठवणारं दुसरं कोण उरलं असतं?" आणि मग, "लिफ्ट एकच का होईना, चांगली बसवलीत हं."

लिफ्ट सुरू झाली त्या संध्याकाळी आत्या एकटीच आत शिरली, सोबत कुणाला येऊ दिलं नाही. तळमजल्यावर दार सरकलं तेव्हा ती ताठ उभी होती, शिट्टी गळ्यात. कुणी टाळ्या वाजवायच्या आत ती बाकाकडे चालू लागली आणि वाटेतच ओरडली, "भिंतीजवळचे सगळे गुण रद्द!"

शिडी डॉक्टरीणबाईंनी जिंकली, पण ती विमावाल्यांच्याच बाल्कनीत राहिली, कारण हवी असेल तेव्हा ती तिथेच मागायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिली मागणी चेअरमनकडून आली. "बल्ब बदलायचाय. दोन दिवसांत आणून देतो."

काकांनी शिडी काढून दिली. मिलिग्रॅम तिथेच उभा होता. "दोन दिवस म्हणजे नक्की कधी—" त्यानं सुरुवात केली, आणि बाकावरून शिट्टी वाजली. तो थांबला.

राहता राहिली बॅग.

त्या रविवारी एकटीच परत गेलेल्या ताईचा काही आठवड्यांनी फोन आला. आत्या, कायमची नाही तर नाही, निदान चार दिवस राहायला तरी ये. आत्या खुशीत लिफ्टनं सेक्रेटरींच्या दारात गेली. "चार दिवस जाऊन येते. ती बॅग द्या जरा."

"बॅग?" सेक्रेटरींनी डोकं खाजवलं. "अहो, ती डॉक्टरांकडे गेली वाटतं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझ्याकडे होती खरी. विमावाल्यांनी नेली."

विमाकाकू म्हणाल्या, "कुठली बॅग हो, आत्या?"

ज्या बिल्डिंगमध्ये मागितलेली कुठलीही वस्तू कुणाच्याही घरून निघायची, तिथे ही एकच वस्तू कुठेच मिळेना. आत्या मजल्यामजल्यावर थांबत चौथ्यावर आली. मिलिग्रॅम आपल्या पलंगावर बसून वाचत होता. पलंगाखालून एक झिजलेलं चाक किंचित बाहेर आलं होतं. त्यानं पाय खाली सोडला आणि टाचेनं ते आत ढकललं.

"तुला माहितेय का रे, माझी बॅग कुणाकडे आहे?"

वजनकाट्यांना शिक्के मारणारा, स्वतःच्या आईच्या पातेल्याची दुरुस्ती जाहीर करणारा मिलिग्रॅम पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, "नाही, आत्या."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. मग पलंगाकडे. तिचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला, शिट्टी ओठांपर्यंत आली. तिनं ती तशीच परत सोडली आणि खेळाची वेळ झाली म्हणून लिफ्टकडे वळली.